मॉइश्चरायझरने त्वचा मऊ होते म्हणजे नेमकं काय होतं?

नौपाडाकर

दोन वेगवेगळ्या त्वचांसाठी विचारते आहे.

एक माझी. ऑफिस ऐरोलीला, दिवसभर एसी. संध्याकाळपर्यंत गाल ओढल्यासारखे होतात, हसलं तरी तडतडतात. पण गाडीतून ठाण्याला उतरून घरी चालत येईपर्यंत तोच चेहरा तेलकट. दुसरी बाबांची. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. थंडी सुरू झाली की नडग्यांवर पांढरी भुकटी धरते आणि रात्री झोपेत खाजवून ओरखडे उठतात. आई खोबरेल लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, सकाळी पुन्हा तेच.

घरात बाटल्या भरपूर आहेत. सगळ्यांवर "मऊ" आणि "मुलायम" लिहिलेलं आहे. मागची यादी वाचली तर ग्लिसरीन, सेटोस्टेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, आयसोप्रोपिल मायरिस्टेट, पेट्रोलॅटम. यातलं कोण काय काम करतं? लावल्यावर जो मऊपणा हाताला लागतो तो त्वचेचा की क्रीमचा? कृपया ब्रँडची नावं नकोत, ती मला रोज कुणी ना कुणी सांगतंच. कारण समजून घ्यायचं आहे.

मोगरा

+१. आणि क्रीममध्ये अल्कोहोल कशाला घालतात? त्याने तर त्वचा कोरडी पडते ना?

रबाळेवाला

नौपाडाकर, प्रश्न फार नेमका विचारलात. मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात क्रीम-लोशनच्या फॉर्म्युलेशनवर काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम. जाडी १० ते २० मायक्रोमीटर, तळहात-तळपायांवर बरीच जास्त. त्यात मेलेल्या चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. विटांची भिंत आणि मधला गिलावा असं चित्र डोळ्यांपुढे आणा. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे नैसर्गिक घटक असतात, त्यांत अमिनो ॲसिड, युरिया, लॅक्टिक ॲसिड वगैरे येतात.

हा थर मऊ राहतो तो पाण्यामुळे. १९५२ साली अमेरिकेत इर्विन ब्लँक यांनी हे साध्या प्रयोगातून दाखवलं. वाळलेल्या कडक घट्ट्याचा तुकडा नुसत्या तेलात ठेवला तर कडकच राहतो, पाणी मिळालं की लवचिक होतो. तुमच्या बाबांच्या खोबरेलाचं उत्तर इथेच आहे. कोरड्या नडगीवर कोरडंच तेल लावलं तर खडबडीत कडा चपट्या बसतात, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, पण मुळात थरात पाणीच कमी असेल तर तेल ते कुठून आणणार? तेच तेल आंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावलं तर आत शिरलेलं पाणी लवकर उडून जात नाही.

आता तुमची यादी.

ग्लिसरीन हे पाणी ओढून धरणारं. यादीत पाण्यानंतर लगेच ते दिसलं तर मला बाटलीबद्दल आदर वाटतो. स्वस्त आहे, जुनं आहे आणि खरंच काम करतं.

पेट्रोलॅटम म्हणजे पेट्रोलियम जेली. ती पाण्याची वाफ अडवते. त्वचेतून सतत थोडं थोडं पाणी उडत असतं, ते पेट्रोलॅटमच्या थराने ९८ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. बहुतेक तेलं २०-३० टक्क्यांच्या आसपास अडकतात.

आयसोप्रोपिल मायरिस्टेट आणि त्याची एस्टर मंडळी, शिवाय सेटोस्टेअरिल अल्कोहोल, ही खरी एमोलिएंट, म्हणजे मऊ करणारी. सुटू लागलेल्या पेशींच्या कडांमधल्या फटी भरून काढणं, पृष्ठभाग सपाट करणं हे त्यांचं काम. लावताक्षणी जो मऊपणा बोटांना लागतो तो बराचसा यांचा. डायमेथिकोन हे सिलिकॉन. पातळ, न चिकटणारा, रेशमासारखा थर देतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की पहिल्या पाच मिनिटांचा मऊपणा मुख्यतः क्रीमचा. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या आधी, काहीही न लावलेल्या जागी हात फिरवल्यावर जे लागतं ते त्वचेचं. आमच्याकडे नमुना दाखवताना सगळे पहिल्या पाच मिनिटांवर निकाल देतात आणि माल त्यावरच खपतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हाताला सुंदर लागणारं लोशन दोन तासांत संपलेलं असू शकतं आणि चिकट, जड, कुणाला न आवडणारं मलम रात्रभर राबत असतं.

मोगरा, सेटिल, स्टेअरिल, सेटोस्टेअरिल ही फॅटी अल्कोहोल आहेत. आमच्याकडे ती पांढऱ्या मेणचट फ्लेक्सच्या रूपात पोत्यातून येतात. त्यांनी क्रीमला घट्टपणा येतो आणि त्वचा कोरडी पडत नाही. कोरडं पाडतं ते इथेनॉल, यादीत नुसतं "अल्कोहोल" किंवा "अल्कोहोल डिनॅट" असं लिहिलेलं असतं. ते यादीत वर असेल तर कोरड्या त्वचेच्या माणसाने ती बाटली ठेवून द्यावी.

यादी वाचताना एक लक्षात ठेवा. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिलेले चालतात. सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह साधारण १ टक्क्याच्या आतबाहेर असतात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं बदाम तेल त्यांच्याही मागे दिसलं तर किती असेल ते समजा.

भिरंडेल

आमच्या सिंधुदुर्गात पाय फुटले की कोकमाचं तेल. त्याचे घट्ट गोळे मिळतात, दिव्यावर जरासं पातळ करून भेगांत भरायचं, वर जुना मोजा. माझी आजी भाताच्या चिखलात दिवसभर उभी राहायची, तिच्या टाचा याच्यावरच टिकल्या. ठाण्यात जांभळी नाक्यावर शोधलं तर मिळतं, नाहीतर मे महिन्यात गावाहून आणतो. याला तुमच्या शास्त्रात काही जागा आहे का?

रबाळेवाला

भक्कम जागा आहे. कोकम तेलात निम्म्याहून जास्त स्टेअरिक ॲसिड असतं, म्हणून ते आपल्या हवेतही घट्ट राहतं आणि अंगाच्या उष्णतेच्या जवळपास वितळतं. भेगेत भरलं की तिथेच बसून राहतं. पातळ तेल ओघळून जातं. परदेशी क्रीममध्येही कोकम बटर वापरतात. आजींची पद्धत उत्तम. त्यात एवढीच भर घाला, की आधी पाय कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून टिपून घ्या आणि मग भरा.

भेगांच्या कडा फार जाड झाल्या असतील तर नुसतं स्निग्ध पुरत नाही. तिथे युरिया लागतो. ५ ते १० टक्के युरिया पाणी धरतो, २० च्या वर गेला की जाड थर सैल करून सोलायला लागतो. मात्र उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर तो झोंबतो.

खारघरची_टेकडी

पेट्रोलियम जेली म्हणजे तेल शुद्धीकरणातला गाळ. कॅन्सर होतो असं वाचलं आहे. शिवाय तिने त्वचेचा श्वास कोंडतो. आपल्याकडे तूप, तीळतेल असताना हे अंगाला फासायचं कशाला? मी घरात ठेवतच नाही.

रबाळेवाला

तुमची काळजी निराधार नाही, म्हणून नीट लिहितो. कच्च्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांचा कर्करोगाशी संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, आयएआरसीने, ती पहिल्या गटात म्हणजे माणसात कर्करोग करणारी म्हणून ठेवली आहेत. पूर्ण शुद्ध केलेली तेलं त्या गटात नाहीत. औषधी दर्जाचं पांढरं पेट्रोलॅटम हे त्या दुसऱ्या जातीचं. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून जखमांवर, भाजल्यावर, तान्ह्या बाळांवर ते वापरात आहे. सुट्टं, लेबल नसलेलं, पिवळट, वास येणारं मात्र घेऊ नका. तिथे तुमची शंका पूर्ण रास्त आहे.

त्वचा श्वास घेते ही कल्पना सोडून द्यायला हवी. शरीराला प्राणवायू फुप्फुसांतून आणि रक्तातून मिळतो. उलट १९९२ च्या एका अभ्यासात असं दिसलं की पेट्रोलॅटम फक्त वर बसून राहत नाही, वरच्या थराच्या फटींत शिरतं आणि त्याच्याखाली त्वचेची स्वतःची दुरुस्ती नेहमीसारखी चालू राहते.

तिळाचं तेल, तूप जरूर लावा. पण नैसर्गिक म्हटलं की सौम्यच असं मानू नका. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीचं स्निग्ध, अगदी नैसर्गिक, आणि अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२३ साली त्यालाच वर्षाचा ॲलर्जन म्हणून निवडलं. बहुतेकांना ते छान चालतं. एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल, खाजरी होण्याचा विकार) असलेल्यांना ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त.

कोपरखैरणेची_आई

बाळ तीन महिन्यांचं आहे. मालिशवाल्या मावशी ऑलिव्ह ऑइल आणा म्हणतात, सासूबाई खोबरेल म्हणतात, डॉक्टरांनी सुगंध नसलेलं क्रीम लिहून दिलं. माझ्या नवऱ्याला लहानपणी एक्झिमा होता. आत्तापासून रोज क्रीम लावलं तर बाळाला होणार नाही का? खूप घाबरले आहे.

कळव्याची_सिस्टर

बाळाची आई, घाबरू नका. मी रुग्णालयात त्वचा विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे.

ऑलिव्ह तेल बाळाला लावू नये असंच मी सांगेन. त्यात ओलेइक ॲसिड फार असतं आणि ते त्या फटींमधल्या स्निग्ध थराची रचना ढिली करतं. २०१३ मध्ये इंग्लंडात मोठ्या माणसांवर पाहिलं, तेव्हा ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बांध, म्हणजे पाणी अडवणारा वरचा थर, कमकुवत झाला, थोडी लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही, कारण त्यात लिनोलेइक ॲसिड जास्त. ढाक्याच्या रुग्णालयात खूप अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफूल तेलाची हलकी मालिश केली तर रुग्णालयात होणारा संसर्ग ४१ टक्के कमी झाला, तो अभ्यास २००५ सालचा. पण पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांना तेल हवंच असं त्यावरून ठरत नाही. मँचेस्टरला २०१६ मध्ये नवजात बाळांना ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्ही लावून पाहिलं. ओलावा वाढला, पण तेल न लावलेल्या बाळांच्या त्वचेतली स्निग्धांची रचना जास्त चांगली बसली होती.

सासूबाईंच्या खोबरेलाला माझी हरकत नाही. जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, ओलेइक अगदी थोडं. फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेवर खनिज तेलाशी तुलना केली, तेव्हा दोन्ही सारखीच ठरली. शुद्ध, बिनवासाचं घ्या, रगडून चोळू नका आणि मालिशनंतर पीठ-साबण लावून खसाखसा धुऊ नका. सगळी कमाई तिथे जाते.

एक्झिमा टाळण्याबद्दल मात्र आशा लावू नका. ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. पहिलं वर्षभर रोज एमोलिएंट लावलं तरी दुसऱ्या वर्षी एक्झिम्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच होतं, आणि लावणाऱ्यांत त्वचेचे संसर्ग थोडे जास्त. म्हणून बाळाची त्वचा कोरडी दिसली तर लावा, चांगली असेल तर भीतीपोटी थर चढवू नका. एक्झिमा झालाच तर मात्र एमोलिएंट हाच उपचाराचा पाया. तेव्हा कंजूषी नको.

कंजूषीवरून आठवलं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण चिमूटभर लावून "गुण नाही" म्हणायचे. सगळीकडे एक्झिमा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण ५०० ग्रॅम लागतं. त्यापुढे ५० ग्रॅमची ट्यूब काय पुरणार? लांबलचक महागडी यादी घेण्यापेक्षा साधं, बिनवासाचं, मोठ्या डब्यातलं घ्या.

तलावपाळी_धावपटू

माझा अनुभव उलटा. थंडीत चांगलं चाललेलं जड क्रीम जुलैतही चालू ठेवलं तर छातीवर, पाठीवर आणि कपाळावर एकसारखे बारीक पुरळ आले, प्रचंड खाज. मुरमांची औषधं लावली, काही फरक नाही. बंद करू का सगळंच?

कळव्याची_सिस्टर

एकसारख्या आकाराचे, खाजणारे, घाम येणाऱ्या जागी. हे मुरूम नसून मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे आलेले असू शकतात. ते यीस्ट आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतं, त्याला वाढायला बाहेरचं स्निग्ध लागतं, आणि पावसाळ्यातला घाम अधिक तेलकट क्रीम मिळालं की त्याचं फावतं. त्याला बुरशीवरचं औषध लागतं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मेडिकलमध्ये जाऊन "पुरळ-खाजेची" तिहेरी मिश्रणाची ट्यूब मागू नका, त्यात बहुतेकदा जहाल स्टेरॉइड असतं. वर जड क्रीमचा थर दिला की ते आणखी आत शिरतं. अशा त्वचा मी फार पाहिल्या आहेत, कागदासारख्या पातळ झालेल्या. त्या तरुण मुली आठवल्या की अजून जीव तुटतो.

रबाळेवाला

धावपटू, सगळं बंद करू नका, ऋतूप्रमाणे बदला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की वाफ अडवणाऱ्या जड थराची धडाला गरज नसते. ग्लिसरीनचं पातळ लोशन किंवा डायमेथिकोनवालं जेल पुरतं. यादीत आयसोप्रोपिल मायरिस्टेट वर असेल तर मुरमं येणाऱ्यांनी जपून वापरावं. छिद्रं बुजवणाऱ्या घटकांच्या ज्या याद्या फिरतात त्यांतल्या बऱ्याच सशाच्या कानावरच्या जुन्या चाचण्यांतून आल्या आहेत, त्यामुळे एका नावावरून अख्खी बाटली बाद ठरत नाही.

घोडबंदरकर

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी येतं. नळांवर पांढरा थर बसतो. त्या दिवसांत अंग धुतल्यावर लगेच खाजतं, पावसाळ्यात महापालिकेचं पाणी पुरेसं आलं की कमी होतं. वाशीत बहीण राहते, तिच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, तिथे राहिलो की त्रासच नाही. क्रीम बदलून उपयोग आहे का?

रबाळेवाला

आधी साबण बदला. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारी साय तयार करतं आणि ती अंगावर चिकटून राहते. साबणाचा पीएच ९-१० असतो, त्वचेचा साधारण ५. दोन्ही मिळून फटींमधलं स्निग्ध धुऊन निघतं आणि मग आपण ते बाटलीतून परत भरायला बघतो. सिंथेटिक डिटर्जंटवाला सौम्य बार जड पाण्यातही साय करत नाही. काखा, जांघा, पाय एवढ्यालाच लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरे.

फेसवाल्या घटकाचा परिणाम किती असतो याचं एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये ॲक्विअस क्रीम नावाचं साधं क्रीम वर्षानुवर्षं एक्झिम्याला लिहून देत. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट होतं, १ टक्क्याच्या आसपास. मुलांची त्वचा त्यानेच चुरचुरते असं लक्षात आलं आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने इशारा काढला. मऊ करण्यासाठी दिलेलं क्रीमच बांध पोखरत होतं.

आणि ज्यांची त्वचा मुळात ठणठणीत आहे त्यांच्यासाठी. १९९९ मध्ये डेन्मार्कमध्ये निरोगी लोकांच्या एका हाताला काही आठवडे मॉइश्चरायझर लावलं. हात मऊ झाला, ओलावा वाढला, पण त्याच हाताला नंतर साबणासारखा त्रासदायक पदार्थ लावला तर तो जास्त बिघडला. स्वीडनमध्ये युरिया असलेल्या क्रीमने उलट झालं, त्वचा जास्त टिकाव धरू लागली. म्हणजे दोन्ही क्रीम हाताला मऊच लागणार, परिणाम दोन दिशांना. हाताच्या स्पर्शावर विसंबू नका असं मी वर म्हटलं ते यासाठीच.

खारघरची_टेकडी

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुपाचं मी सोडणार नाही, पण शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप, घरी करते ते टिकत का नाही हे सांगाल का?

रबाळेवाला

जरूर करा, छान पदार्थ आहे. धुताना तुपात पाणी अडकतं, म्हणून ते पांढरं आणि क्रीमसारखं होतं. पाणी आलं की जंतूंना वाव मिळतो, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्याने काढा. वास बदलला की टाका.

नौपाडाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मला जमेल असं वाटतं. ऑफिससाठी ग्लिसरीनचं लोशन सकाळी ओल्या चेहऱ्यावर, दुपारी एसीत पुन्हा थोडं. बाबांना आंघोळीनंतर लगेच, अंग टिपून, जाडसर क्रीम, नडग्यांना रात्री पेट्रोलॅटम. सिस्टर, बाबांना मधुमेह आहे हे लिहायचं राहिलं. आणि ते संध्याकाळी देवापुढे बसून दिवा-निरांजन करतात. काही वेगळं सांभाळायला हवं का?

कळव्याची_सिस्टर

हो, दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

मधुमेहात पायांना क्रीम रोज लावा, टाचांना आणि तळव्यांना भरपूर, पण बोटांच्या बेचक्यांत मुळीच नको. तिथे ओल राहिली की कातडी पांढरी पडून फुटते आणि बुरशी शिरते. बेचक्या टिपून कोरड्या ठेवा. लावताना तळवे रोज डोळ्यांनी बघा, बधिर पायाला जखम कळत नाही. टाचेच्या जाड कडा ब्लेडने किंवा दगडाने घासू देऊ नका आणि युरियाचं जास्त ताकदीचं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दिव्याचं तर आवर्जून सांगते. क्रीम स्वतःहून पेटत नाही, पण धोतर, लेंगा, चादर, बँडेज यांत ते मुरत जातं आणि असं कापड ज्योतीला लागलं तर फार झपाट्याने पेट घेतं. ब्रिटनच्या नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, आणि तो फक्त पॅराफिनवाल्या क्रीमपुरता नव्हता, सगळ्याच एमोलिएंटना लागू होता. धुतल्यानेही ते पूर्ण निघत नाही. त्यामुळे पूजेला बसताना वेगळं, क्रीम न लागलेलं वस्त्र नेसायला सांगा, पायांना मलम पूजा आटोपल्यावर लावा, आणि ज्या चादरी-लेंग्यांत क्रीम मुरलं आहे त्या गॅसजवळ वाळत घालू नका. फरशीवर सांडलं तर लगेच साबणाने पुसा, या वयात घसरून खुबा मोडला तर फार महागात पडतं.

तीन-चार आठवडे नीट लावूनही खाज तशीच राहिली तर रक्ततपासणीसाठी डॉक्टरांकडे न्या. म्हातारपणातली अंगभर खाज कधी मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडमुळेही असते, तिथे बाटली बदलत बसून वेळ जाऊ देऊ नका.